आसवानचा दगड, हिल्सबरोचा गोटा

माझ्या इंजिनियरिंग कॉलेजच्या अर्जावर वडिलांच्या धंद्यापुढे 'पाथरवट' असं लिहिलेलं होतं. फी माफीच्या कागदावर तेच, वसतिगृहाच्या फॉर्मवरही तेच. तिथे लपवायची सोयच नव्हती. न्यूझीलंडला आल्यावर ती सोय झाली, आणि मी ती वापरली. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

२००५च्या आसपास आम्ही ऑकलंडला हिल्सबरोमध्ये राहत होतो. मी सिव्हिल इंजिनियर, आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. जवळच्या हायस्कुलात शनिवारी सकाळी मोठ्यांसाठी वर्ग भरायचे. शिवण, गिटार, स्पॅनिश, आणि त्या वर्षी प्राचीन इजिप्तची कला आणि वास्तुकला. नवरा म्हणाला, "ह्याचा तुला कामात काय उपयोग?"

"काही नाही. म्हणूनच जातेय," मी म्हटलं. तोवर जे शिकले ते सगळं पोटासाठी शिकले होते. ज्यांच्या घरात तीन पिढ्या पुस्तकं आहेत त्यांनीच फक्त बिनकामाचं शिकायचं, असं कुठे लिहिलंय?

वर्गात आम्ही दहाबारा जण. शिकवायला एक निवृत्त चित्रकला शिक्षिका. मराठी अशा दोघीच: मी, आणि पुण्याच्या एक डॉक्टर. त्यांची आणि माझी ओळख इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीतली. पहिल्याच शनिवारी चहाच्या सुट्टीत त्यांनी विचारलं, "तुझे बाबा काय करायचे गं?"

"कॉन्ट्रॅक्टर. दगडाचं काम," मी म्हटलं.

दगडाचं काम खरं होतं. कॉन्ट्रॅक्टर खोटं. आबा पाटे-वरवंटे घडवायचे, आणि घडवून झाले की गल्लोगल्ली हिंडून लोकांच्या पाट्या-जात्यांना टाकी लावायचे. दगड वापरून गुळगुळीत झाला की वाटण नीट होत नाही, म्हणून छिन्नीने पुन्हा बारीक खड्डे पाडायचे, ते टाकी लावणं. माझी पहिली वह्या-पुस्तकं त्या खड्ड्यांतून आली.

पाचव्या शनिवारी बाईंनी आसवानच्या खाणीतला अर्धवट ओबेलिस्क दाखवला. ओबेलिस्क म्हणजे वर निमुळता होत गेलेला एकाच दगडाचा उंच खांब. हा ग्रॅनाइटचा, पाळण्यात झोपल्यासारखा, खडकातून तीन बाजूंनी सोडवलेला, आणि तिथेच टाकून दिलेला. वर्गातला एक निवृत्त इलेक्ट्रिशियन म्हणाला, "त्यांच्याकडे लोखंड नव्हतं. तांब्याने ग्रॅनाइट कापून दाखवा मला. कुणीतरी दुसरं येऊन करून गेलंय." त्याने बोट वर, आकाशाकडे केलं. लोक हसले. पण ते हसणं अर्धं 'काय सांगावं' असं होतं.

बाई म्हणाल्या, त्या खाणीत काळ्या दगडाचे गोल गोटे सापडलेत, त्यांनीच ठोकून ठोकून काढलं असावं. तो म्हणाला, "गोट्यांनी? तुम्ही कधी ग्रॅनाइट ठोकून पाहिलाय?"

बाईंनी पाहिला नव्हता. मी लहानपणापासून कठीण काळा दगड ठोकताना पाहिला होता. तोंड उघडलं, आणि मिटलं. तुला कसं माहीत, असं कुणीतरी विचारलं असतं आणि डॉक्टरबाई शेजारीच बसल्या होत्या. हजारो माणसांनी हाताने केलेलं काम एक माणूस आकाशात पाठवत होता, आणि पाथरवटाची मुलगी गप्प बसली. त्या दिवशी गाडी चालवत घरी आले ते दात खातच.

आबा तेव्हा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. वर्गात मिळालेली झेरॉक्सची पानं मी जेवणाच्या टेबलावर त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावला. आधी पिरॅमिडचं पान आलं. "ढीग हाय. चांगला रचलाय," म्हणाले आणि पुढे गेले. भिंतीवरच्या माणसांपाशी थांबले. "तोंड बाजूला आन डोळा म्होरं? कारागीर शिकाऊ व्हता का?"

"नाही आबा. प्रत्येक अवयव जसा नीट ओळखू येतो तसा काढायचा, अशी त्यांची रीत."

"मग बराबर."

ओबेलिस्कच्या फोटोवर मात्र ते बराच वेळ बोट फिरवत राहिले. दगडाच्या अंगावर शेजारी शेजारी उथळ खळगे दिसत होते. "हे ठोकलेलं हाय. पाट्यासारखंच, फकस्त मोठं." मग बोट वर सरकलं. "ही बघ, चीर गेली. म्हणून सोडलाय." बोट चिरेवरून परत खाली आणत ते म्हणाले, "त्या दिशी कुणी जेवलं नसंल."

मी म्हटलं, "पुढच्या शनिवारी माझ्याबरोबर वर्गात चला. करून दाखवा."

"मला इंग्लिश कुठं येतंय? तूच सांग की."

"माझं सांगणं कोणी ऐकणार नाही. हात बघतील."

"बरं. आन मी कोण म्हणून सांगशील?"

त्यांनी सहज विचारलं होतं. मी उठून चहा टाकला.

आमच्या बागेच्या कडेचा गडगा, म्हणजे दगडावर दगड रचलेली बुटकी भिंत, काळ्या दगडाचा होता. हिल्सबरोच्या त्या भागात जुने गडगे सगळे तसलेच, ज्वालामुखीचा दगड. आबा आल्या दिवशीच त्याला हात लावून म्हणाले होते, "ह्यो आपलाच की." आता ते गडग्यातला एकेक दगड दुसऱ्याने वाजवून बघू लागले. भोकाभोकाचे बाजूला टाकले. खणखणीत वाजले त्यांतले दोन गोल गोटे निवडले. ग्रॅनाइटचा तुकडा मी किचनचे ओटे बनवणाऱ्याकडून उरलेल्यातला मागून आणला, एका बाजूने आरशासारखा चकचकीत.

शनिवारी बाईंनी आबांना वर्कशॉपमधला सेफ्टी चष्मा दिला आणि पार्किंगच्या कडेला जागा करून दिली. पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, खाली पोतं, मांडी घालून आबा बसले आणि दोन्ही हातांनी गोटा उचलून सोडू लागले. जोर नाही, फक्त वजन. मधेच पांढरी भुकटी हाताने झाडायची. तासाभराने इलेक्ट्रिशियन वाकून म्हणाला, "एवढंच?" खळगा बशीएवढा रुंद आणि करंगळीच्या नखाएवढा खोल होता.

मी आबांना सांगितलं, काय म्हणतोय ते.

"त्याला म्हण, माझ्यासारखी शंभर माणसं दे आन वरीसभर भाकरी दे. मग इचार एवढंच का."

मी शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितलं. तो हसला, स्वतः गोटा घेऊन बसला आणि पाच मिनिटांत मनगट चोळत उठला. मत बदललं म्हणाला नाही. आकाशाकडे बोट मात्र पुन्हा केलं नाही.

तेवढ्यात डॉक्टरबाई आबांजवळ आल्या. आवाजात नुसतं कौतुक. "काका, काय हात आहे हो तुमचा! पण तुमची लेक तर म्हणाली, तुम्ही कॉन्ट्रॅक्टर होता."

आबांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाचवलं नाही, उघडंही पाडलं नाही. "हिला इचारा," म्हणाले.

"मी खोटं बोलले होते," मी म्हटलं. "माझे वडील पाथरवट आहेत. दारोदार जात्याला टाकी लावायचे." मग तेच इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "अगं, त्यात लपवण्यासारखं काय होतं?"

"तुम्हाला ते सहज विचारता येतं," मी म्हटलं. हसून त्याची धार मी कमी केली नाही. आजही करणार नाही.

शेवटच्या शनिवारी शाळेच्या लायब्ररीत सगळ्यांचं काम मांडलं होतं: नाइलच्या देवळाचं पुठ्ठ्याचं मॉडेल, लाल रेघांच्या चौकटीत काढलेली चित्रं, आणि आमचा खळगा पडलेला ग्रॅनाइट. त्यापुढे बाईंनी कार्ड छापलं होतं, 'प्राचीन पद्धतीचं प्रात्यक्षिक'. बाईंनीच आम्हाला शिकवलं होतं की त्या खांबांवर राजाचं नाव सापडतं, ठोकणाऱ्याचं नाही. मी त्यांना विचारलं आणि ते कार्ड बदललं. नवं हाताने लिहिलं.

आबा कार्डाजवळ जाऊन उभे राहिले. "माझं नाव हाय?"

"हो."

"गावाचं?"

"आहे."

"आन धंदा?"

"तो सगळ्यात वर आहे, आबा. इंग्रजी अक्षरात, पण आपल्याच शब्दात. पाथरवट."

त्यांनी त्या शब्दाखाली बोट ठेवलं. मग ग्रॅनाइटच्या खळग्यात अंगठा फिरवला. "अजून खोल गेला असता," म्हणाले. "ल्हान वाटतोय."