प्रस्तावनेतील खोडलेली ओळ

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही — पत्नीलाही नाही. तुम्हाला सांगतो, पण क्रमाने. घाई केली तर पुन्हा काहीतरी वगळीन.

भाईंदरच्या एका शाळेत मी भूगोल शिकवत असे. व्हिक्टोरिया राणीच्या काळात एका इंग्रजाने आपल्या या किनाऱ्याची प्रवास-मार्गदर्शिका लिहिली होती. तो आज कोणालाच ठाऊक नाही. प्रस्तावनेत मात्र त्याने आपल्या होडीवाल्याचे नाव स्वतःच्या नावाआधी घातले आहे. वाट दाखवणाऱ्याचे नाव आधी लिहावे — हे मी त्याचा दाखला देऊन दरवर्षी वर्गात सांगितले.

त्याच पुस्तकाच्या आधारे मी मराठी पुस्तिका लिहायला घेतली. जुन्या वाटा दाखवल्या जवळच्याच पाली कोळीवाड्यातल्या फिलोमिनाबाईंनी. त्या आमच्या इमारतीत मासळी विकायला येत. दोन हिवाळे, टोपली रिकामी झाली की त्या पुढे आणि मी वही घेऊन मागे. साहेबाने नोंदवलेली गोड्या पाण्याची विहीर भलतीकडेच निघाली. "तुमच्या सायबानं होडीतूनच इहीर बघितली, मास्तर! पाय कोन भिजवतंय?" — आणि त्या खळखळून हसल्या.

प्रस्तावनेत मी त्यांचे नाव लिहिले होते. खरेच लिहिले होते. मग प्रुफे शिक्षकांच्या खोलीत फिरली. एक सहकारी म्हणाले, "काय सर, भूगोल मासळीबाजारात शिकलात वाटतं?" सगळे हसले. मीही हसलो — आणि त्याच दुपारी, वह्या तपासायच्या लाल पेनाने, ती ओळ खोडली.

एवढेच असते तर?

छापील प्रत घेऊन मी पालीला गेलो. त्यांना वाचता येत नव्हते. "माजं नाव कुठं हाय?" मी त्यांचे बोट धरले आणि एका शब्दावर टेकवले. ते त्या इंग्रजाचे आडनाव होते. "लय बारीक हाय," त्या म्हणाल्या; बोट मात्र काढले नाही.

गेल्या वर्षी त्या वारल्या. शवपेटीजवळ नातीने पुस्तिका माझ्या हाती दिली. "सर, मोठी आयचं नाव असलेलं पान काढून द्या ना. तेच उघडून तिच्या हातात ठेवायचंय. माझं मराठी वाचन एकदम वीक आहे."

तेव्हा तरी सांगता आले असते — नाही का?

पान शोधावे लागले नाही. पुस्तिका तिथेच उघडली. बोट फिरून फिरून त्या आडनावाची शाई पुसट झाली होती. मी ते पान नातीला दाखवले, आणि मागच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.