वडिलांच्या अंगावरचा कोट

माझ्या वडिलांनी आयुष्यात कधी कोट घातला नाही. आमच्या भिंतीवर मात्र ते कोट आणि टाय घालून आहेत. ते गेले तेव्हा त्यांचा एकच फोटो सापडला, कारखान्याच्या ओळखपत्रावरचा, अंगठ्याच्या नखाएवढा. गिरगावातल्या स्टुडिओवाल्याने तो मोठा केला, चेहरा उजळला, भुवया कोरल्या आणि त्या काळच्या पद्धतीप्रमाणे गळ्याखाली कोट रंगवून दिला. गेलेल्या माणसाला बढती देण्याची ती पद्धत होती. जन्मभर फिटर असलेले वडील मेल्यावर हेडक्लार्क झाले. आम्ही हार घातला.

भाईंदरला आलो तसा फोटोही आला. नवघरच्या या घरात आईची खुर्ची त्याच्यासमोरच असते. एका संध्याकाळी ती म्हणाली, "या काचेत नुसती ट्यूबलाइट दिसतेय. हे कुठे गेले?"

डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय. कडेचं दिसत राहील, समोरचं विरत जाईल. एक डोळा तर गेल्यातच जमा होता, दुसऱ्याचं किती दिवस ते सांगता येणार नाही. मोठं, ठळक असेल आणि जवळ धरलं, तर अजून काही काळ ओळखू येईल.

मी तेव्हा हौसेने पेन्सिलचं शेडिंग शिकत होतो. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाने काहीतरी करावं अशी घरच्यांची अपेक्षा असते आणि योगासनं मला झेपत नव्हती. गोडदेवला फरसाणाच्या दुकानावर एक क्लास होता. जिन्यात सरांचा हाताची घडी घातलेला फ्लेक्स, त्यावर 'कलातपस्वी'. ही पदवी कोणी दिली, हे विचारण्याइतका माझा आणि त्यांचा परिचय कधी झाला नाही. शेडिंगची सुरुवात जगभर अंड्यापासून होते म्हणे. पण जागेच्या मालकांना इमारतीत अंडं चालत नसे, म्हणून सर टेबलावर टेबल टेनिसचा चेंडू ठेवत आणि म्हणत, "याला अंडं समजा. साधना मनात असते."

त्यांचं एक वाक्य मात्र खरं निघालं. "तुम्ही सगळे काळ्याला घाबरता," ते म्हणायचे. आम्ही घाबरायचोच. कागद घाण होईल म्हणून सगळे हलक्या हाताने राखाडी करत बसायचे. चेंडू धुक्यात पडल्यासारखा दिसायचा. सिक्स बीची पेन्सिल, म्हणजे सगळ्यांत काळी, प्रत्येकाच्या डब्यात नवी कोरी. मला तेव्हापासून एक वाईट खोड लागली. चौकातल्या फ्लेक्सवर वाढदिवसाच्या शुभेच्छा घेणाऱ्या नेत्यांची नाकं मी बघू लागलो. एकाच्याही नाकाला सावली नव्हती.

आईचं कळल्यावर मी ठरवलं, वडिलांचा चेहरा काढायचा. मोठा, काळा, तिला दिसेल असा. शेडिंगला धीर लागतो आणि माझ्याकडे तोच नव्हता. थरावर थर चढवायचे, घासायचं, थांबायचं, लांबून बघायचं. मी पाच मिनिटं बसायचो, पेन्सिलला टोक करायचो, उठून गॅलरीत जायचो, पुन्हा टोक करायचो. बायको म्हणाली, "अहो, पेन्सिली संपवायच्यात की चित्र?"

चित्र झालं. आईच्या तोंडासमोर धरलं. तिने बराच वेळ घेतला.

"कोण रे हे साहेब?"

"बाबा."

"असतील," ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसले. रडून नव्हे, जास्त दिसतंय का ते बघायला.

ते 'असतील' मला बसू देईना. बायको शांतपणे म्हणाली, "तुम्ही फोटोतला कोटसुद्धा कागदावर उतरवलात. तो त्यांचा होता का?"

कोट खोडून टाकला. मग कळलं की कोट ही किरकोळ बाब होती. स्टुडिओवाल्याने चेहरा उजळताना सगळी सावलीच पुसली होती. मी फ्लेक्सवरच्या नेत्यांना हसत होतो आणि घरात तेच भिंतीला लावलं होतं. सावली नाही तिथे शेडिंग कसलं करणार?

आईला विचारलं, "बाबा डोळ्यांसमोर आणलेस तर कुठे बसलेले दिसतात?"

"खिडकीत. दाढी करत. बनियनवर," ती लगेच म्हणाली. "मी स्टोव्हपाशी असायचे. कोणी मध्ये आलं की ओरडायचे, उजेड सोडा म्हणून."

"उजेड कुठल्या गालावर?"

तिने स्वतःचे दोन्ही गाल चाचपले आणि डाव्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बनियनवर स्वयंपाकघराच्या खिडकीत आरसा घेऊन बसलो. चेहऱ्याची ठेवण फोटोतून घ्यायची, सावल्या माझ्या. समोर नवी इमारत चढत होती, हिरवी जाळी लावलेली. सकाळचं ऊन तिच्यावरून थोडा वेळ आत यायचं आणि प्रत्येक स्लॅबबरोबर ते अजून उशिरा येऊ लागलं. तिकडे काँक्रीटचा मिक्सर सुरू झाला की मी पेन्सिलला पुन्हा टोक करायचो. आईचा डोळा आणि बिल्डरचा स्लॅब, दोघांशी शर्यत, आणि मी जगातल्या सगळ्यांत संथ छंदात. शेवटी सिक्स बी उघडली. अर्धा चेहरा काळा करून टाकला, नाकाखाली, हनुवटीखाली, मानेत. बायको येऊन बघून गेली. "दार वाजलं तर असे उघडायला जाऊ नका," एवढंच म्हणाली.

चित्र आईपुढे धरलं. तिने तोंड दुसरीकडे वळवलं. मी चित्र खाली घेऊ लागलो. मग लक्षात आलं, तिला आता बघायचं असलं की तोंड वळवावं लागतं. ती कडेने बघत होती.

"अर्धी दाढी राहिलीय यांची," ती म्हणाली.

काळी बाजू तिला न केलेल्या दाढीची वाटली होती. मी दुरुस्ती केली नाही.

"कान तुझे आहेत पण. यांचे एवढे चिकटलेले नव्हते."

मी रबर उचललं.

"आत्ता नको. हात थांबव जरा तुझा."

"भिंतीवर लावू? तो कोटवाला काढून?"

"त्याला राहू दे. आल्यागेल्याला तो बरा दिसतो. हे इथे ठेव, माझ्या बाजूला."

चित्र तिच्या खुर्चीशेजारी स्टुलावर टेकवलंय. काच नाही, म्हणून ट्यूबलाइट दिसत नाही. ती बोटाने गालावरची काळी बाजू चाचपते. शिसं पसरतं, दाढी रोज थोडी वाढते. समोरची इमारत आमच्या खिडकीच्या पार वर गेलीय. येता-जाता मी अजून रबर हातात घेतो. तोंड दुसरीकडे असलं तरी आईला ते बरोबर दिसतं.

"ठेव ते," ती म्हणते. "उजेडात येऊ नकोस."