ताईंचा ‘मी’

कटिंग मशीनखाली कागदाच्या कडा पडत राहतात. पडताना कुणाचं लक्ष नसतं. पोतं तोंडाला आलं की मग कळतं, केवढं साठलं. आमच्या दुकानातल्या गोष्टींचंही तसंच आहे. परवा चहाला बसलो आणि एकातून एक निघत गेल्या.

आमचं दुकान धाराशिवात, बसस्टँडच्या मागच्या रस्त्याला. लग्नपत्रिका, फ्लेक्स, जत्रेचे बॅनर. मालक बसवराज अण्णा. मी कागद कापतो, घड्या घालतो. मला सगळे आबा म्हणतात. आणि रेणुकाताई. दुकानातलं सगळं डिझाईन त्यांच्या हातचं. पण गिऱ्हाईक पायरी चढलं की विचारतं, “टायपिंगवाल्या बाई हायेत का?” ताई हसून “या” म्हणतात.

इतकी वर्षं काम करूनही टायपिंगवालीच, हे त्यांच्या मनाला लागलं असणार. त्यांनी घरी बसून करायच्या डिझाईनच्या पदवीला नाव घातलं. सगळे पेपर निघाले. राहिला एक रिपोर्ट. आपल्याच कामावर आपणच विचार करून लिहायचा. तो एकदा परत आला होता. दुसऱ्यांदा आला की पदवी गेली.

अण्णांना ते पटेना. म्हणाले, “रिपोर्ट पोलीस लिहितेत. ते बी दुसऱ्याच्या कामावर. स्वतःवर कोण लिहून घेतंय?”

* * *

रिपोर्ट परत का आला, त्याची गोष्ट अशी. ताईंच्या गाईड मॅडम पुण्याच्या. त्यांनी रिपोर्ट वाचून फोनवर निरोप धाडला, ‘यात तुम्ही कुठे आहात?’

ताईंनी लगेच उत्तर लिहिलं, ‘दुकानात आहे मॅडम. सातपर्यंत आहे.’

मॅडमचा फोनच आला. हसू आवरल्यावर त्यांनी समजावलं. ताईंनी सगळीकडं लिहिलं होतं, ‘पत्रिका तयार करण्यात आली. रंग निवडण्यात आला.’ मॅडमचं म्हणणं, हे कुणी केलं ते दिसू दे.

अण्णा गल्ल्यावरून म्हणाले, “बरोबर हाय की. करण्यात आली म्हंजे? रात्री भुतं येऊन करून गेली व्हय?”

* * *

आता ‘मी’ लिहायचं ठरलं. पण ताईंचा हात तिथंच अडायचा. माणसानं मी-मी करू नये, असं त्यांच्या आईनं लहानपणापासून शिकवलेलं. दोन दिवस खपून त्यांनी सगळीकडं ‘आम्ही’ घातलं आणि अण्णांना वाचून दाखवलं. ‘आम्ही रंग निवडला. आम्ही अक्षर बदललं.’

अण्णांनी कप खाली ठेवला. “आम्ही म्हंजे कोण गं? म्या तर चहा पीत हुतो.”

* * *

सोनारीच्या जत्रेचा बॅनर काढायचा होता. गावची चार मंडळी यादी घेऊन आली. सगळ्यांची नावं पाहिजेत, सगळ्यांचे फोटो पाहिजेत, वर कार्यक्रमही पाहिजे.

ताई नाही म्हणाल्या नाहीत. त्यांनी यादीतलं सगळं बसवून एक नमुना काढला आणि समोरच्या खांबाला बांधला. मग त्यातल्या पुढाऱ्याला म्हणाल्या, “दादा, तुमची गाडी काढा आणि एकदा यावरून जाऊन या.”

तो गेला, फिरून आला.

“काय वाचलंत?”

“काळभैरव वाचलं,” तो म्हणाला. “मग खड्डा आला.”

“दादा, जत्रेला येणारे सगळे गाडीवरच येणार.”

शेवटी बॅनरवर काळभैरव, वार आणि गावाचं नाव एवढंच राहिलं. अजूनही कुणी बॅनरवर गर्दी करायला लागलं की अण्णा म्हणतात, “खड्ड्याच्या आधी काय ते बसवा.”

* * *

तामलवाडीचे दोन भाऊ आले होते. एकाच मांडवात दोघांच्या मुलींची लग्नं. पत्रिका एक, पण दोघांचं बोलणं बंद. थोरला ताईंना सांगायचा, “त्याला विचारा, त्याचं नाव खाली घातलं तर चालंल का.” धाकटा शेजारीच बसलेला. तोही ताईंनाच सांगायचा, “त्यांला म्हणावं, न्हाय चालायचं.”

ताईंनी दोघांचं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी कपाटासारखी दोन दारांची पत्रिका केली. एका दारावर थोरल्याचं नाव, एकावर धाकट्याचं. आत दोन्ही मुली.

थोरल्यानं पत्रिका उघडली, मिटली, परत उघडली. मग धाकट्याकडं न बघता पण त्यालाच म्हणाला, “दारं मिटली की आपण शेजारी यायलोत बघ.”

ताईंनी ही गोष्ट रिपोर्टात लिहिली. ‘मी दोन दारं केली.’ त्यांचा पहिला ‘मी’ तो. लिहून झाल्यावर पाणी प्यायला उठल्या.

* * *

तरी मॅडमचा एक प्रश्न राहिलाच. तुमची काम करायची पद्धत काय? ताई म्हणाल्या, “माझी कसली पद्धत? काम येतं, मी करते.”

“हाय की,” अण्णा म्हणाले. “तू आबाला वाचायला लावतीस, ते कशापायी?”

मी तिसरीपर्यंत शिकलेलो. बोट ठेवून, जुळवत जुळवत वाचतो. पत्रिका छापायला जाण्याआधी ताई नेहमी म्हणतात, “आबा, एवढी वाचा.” वडीलधाऱ्याला मान द्यायची त्यांची रीत असेल, असं मी धरून चाललो होतो. त्या दिवशी कळलं, ताई पत्रिकेकडं बघतच नसतात. माझ्या बोटाकडं बघतात. बोट जिथं अडतं, तिथलं अक्षर बदलतात.

एकदा नक्षीदार अक्षरातली पत्रिका मी मोठ्यानं वाचली, “वऱ्हाड दुपारी खाना होईल.”

अण्णा म्हणाले, “मग? वऱ्हाड दुसरं काय करतंय?”

लिहिलेलं होतं ‘रवाना’. मी ओशाळलो. ताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “आबा, तुम्ही बरोबर वाचलंत. मीच चूक लिहिलं होतं.” आणि सगळी पत्रिका दुसऱ्या अक्षरात लावली. इतकी मोठी चूक इतक्या सहज आपल्याकडं घेणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

* * *

शेवटी रिपोर्टवरच्या तोंडी परीक्षेचा दिवस आला. परीक्षक कॉम्प्युटरवरच दिसणार होते. अण्णांनी फ्लेक्सचं मशीन बंद केलं, शटर निम्मं ओढलं आणि बाहेर स्टूल टाकून बसले. कुणी टायपिंगवाल्या बाई विचारत आलं तर म्हणत, “बाई परीक्षेत हायेत. उद्या या.”

मी कटिंग मशीनपाशी उभा होतो. परीक्षक वयस्कर होते, आवाज करडा. त्यांनी भरपूर प्रश्न विचारले. ताई आधी चाचरल्या, मग दोन दारं सांगितली, खड्डा सांगितला, आणि प्रत्येक वेळी ‘मी’ म्हणाल्या.

मग परीक्षकांनी चष्मा काढला. “बाई, रिपोर्टच्या अक्षराचा आकार नियमात ठरलेला आहे. तुमचं अक्षर जवळपास दुप्पट आहे. ओळींत अंतरही किती सोडलंय. नियमाप्रमाणं हा मला परत पाठवावा लागेल. तुम्ही डिझाईनच्या आहात, तुम्हाला नियम माहीत नव्हता का?”

“माहीत होता, सर.”

“मग?”

ताई म्हणाल्या, “आबांना वाचायचा होता.”

शटरखालून अण्णांचं डोकं आत आलं.

“आबा कोण?”

ताईंनी स्क्रीन माझ्याकडं वळवली. मी हात पुसून नमस्कार केला. माझ्यापुढं घडी घातलेल्या पत्रिका होत्या आणि त्यांच्या बाजूला ताईंचा रिपोर्ट, मधेच कागदाची पट्टी खूण म्हणून घातलेला.

परीक्षकांनी चष्मा परत लावला. जरा वेळ त्या खुणेकडं बघत राहिले. मग म्हणाले, “बाई, अक्षर राहू द्या तसंच.” आणि मला विचारलं, “काय आजोबा, कसा आहे रिपोर्ट?”

“निम्मा झालाय, साहेब,” मी म्हणालो. “शेवट सांगू नका.”