घिवलीच्या वाळूवरचे राऊत सर

राऊत सरांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते डाव्या हाताने चेंडू फेकत होते आणि आम्ही मुली तोंडाला पदर आणि ओढण्या लावून हसत होतो. साठच्या दशकातली ती अखेरची वर्षे. तारापूरला अणुवीज केंद्राचे बांधकाम जोरात चालू होते आणि माझे वडील तिथे फिटर म्हणून साताऱ्याकडून आले होते. आमच्या शाळेत मुलींसाठी सॉफ्टबॉलचा संघ निघणार असे कळले होते. सॉफ्टबॉल म्हणजे काय, हे कोणालाच माहीत नव्हते. शिकवायला आलेले गृहस्थ उंच, सडपातळ, पांढऱ्या सदऱ्यातले. चेंडू इतका अवघडून फेकत की, हे आपल्याला काय शिकवणार, असे माझ्या मनात आले. सरांना हसू ऐकू गेले असणारच. त्यांनी फक्त सांगितले, "आज चेंडूला हात लावायचा नाही. मी फेकीन. तो जिथे पडेल तिथे जाऊन उभे राहायचे." तासभर आम्ही धावलो आणि बहुतेक वेळा चुकीच्या जागी उभ्या राहिलो.

आज सरांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत असताना त्या तासाची आठवण सर्वांत आधी येते.

सर मूळचे पालघरजवळच्या माहीमचे. घरची नारळी-केळीची वाडी, पानवेलींचा मळा. तरुणपणी पालघर तालुक्यातल्या क्रिकेटच्या सामन्यांत सीमारेषेवर राऊत उभे असले की फलंदाज उंच फटका मारायला कचरत, असे माझ्या सासऱ्यांच्या पिढीतले लोक सांगत. ती कीर्ती ऐकून मुंबईच्या एका गिरणीने त्यांना खेळाडू म्हणून पगारावर घेतले. खात्यात नाव नावापुरते, खरे काम खेळण्याचे. काही वर्षांनी ते परत आले आणि वीज केंद्राच्या कोठारात नोकरीला लागले. परत का आले, हे ते कधी बोलत नसत.

त्या वेळी केंद्राच्या उभारणीसाठी परदेशी इंजिनिअर आले होते. रविवारी दुपारी ते वसाहतीमागच्या माळावर बेसबॉल खेळत. लांब गेलेले चेंडू आणून द्यायला सर हौसेने जाऊन उभे राहू लागले. फटका बसण्याआधीच हा माणूस योग्य दिशेला पळत सुटतो, हे एका इंजिनिअरच्या लक्षात आले आणि एक गडी कमी होता त्या दिवशी त्याने सरांना मागच्या क्षेत्रात उभे केले. त्यानंतर परदेशी मंडळी असेपर्यंत ती जागा सरांचीच राहिली. झेल सुटत नसे. मात्र झेल घेतला की लांब फेकण्याऐवजी सर चेंडू घेऊन जवळच्या गड्याकडे धावत जात. मंडळींना ते गमतीचे वाटे. जाताना त्यांनी हातमोजे, बॅटी आणि चेंडू सरांच्या हवाली केले. मुलांना क्रिकेट होते, मुलींना काहीच नव्हते, म्हणून सर ते सामान घेऊन आमच्या शाळेत आले. नोकरी सांभाळून संध्याकाळी शिकवायचे, असे ठरले.

संघात जवळच्या घिवली या कोळ्यांच्या गावची मंजुळा तांडेल होती. तिच्याइतके वेगाने धावणारे आमच्यात कोणी नव्हते. पण मासळीचा हंगाम लागला आणि तिचे येणे बंद झाले. सर मला बरोबर घेऊन तिच्या घरी गेले. अंगणात बोंबील वाळत होते आणि मंजुळाची आई काठी घेऊन कावळे हाकत होती. सरांनी विषय काढला. बाईंनी नीट ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "सर, तुमी बोलता ते खरा हाय. पन पोर खेळाला गेली तर मासळी कोन राखील? तुमी?"

सर म्हणाले, "हो, मी राखतो."

आणि ते खरोखर ओट्यावर बसले. माहीमच्या बागायतदाराचा मुलगा काठी घेऊन बोंबील राखतो आहे, हे पाहायला सारी आळी गोळा झाली. बाई आधी संकोचल्या, मग हसत सुटल्या. शेवटी त्यांनीच तोड काढली. पोरीला शाळेच्या मैदानावर धाडायचे नाही, पण सारा संघ घिवलीला आला तर त्यांची हरकत नाही. तेव्हापासून आमचा सराव ओहोटीच्या वेळी घिवलीच्या किनाऱ्यावर होऊ लागला. आधी सगळ्यांनी मिळून वाळत घातलेली मासळी उलटायची, मग खेळायचे. सुरुवातीला मी नाक मुरडत असे. पुढे घरी गेल्यावर आईच मला वासावरून ओळखू लागली.

दुसऱ्या वर्षी आम्ही तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचलो. सामना पालघरला होता. मी मधल्या मागच्या क्षेत्रात खेळत असे आणि लांबून थेट फेक ही माझी ओळख झाली होती. सामन्याच्या आधी काही दिवस माझा कोपर दुखू लागला. आईखेरीज मी कोणाला सांगितले नाही. आईने हळदीचा लेप लावला तो मी लांब बाहीखाली झाकला. सामन्याच्या सकाळी सरांनी मला बाजूला बोलावले आणि हात सरळ कर म्हणाले. तो सरळ होईना. सरांनी माझ्या जागी मंजुळाला उभे केले आणि मला बाकावर बसवले.

शाळेचे एक संस्थाचालक मुद्दाम सामना पाहायला आले होते. त्यांचे नाव घेण्याचे आज कारण नाही. त्यांनी सर्वांसमोर सरांना विचारले की चांगली मुलगी बसवून का ठेवली आहे. मीही रडत म्हणाले की मला दुखत नाही. चालक म्हणाले, ती स्वतः तयार आहे, तिला खेळवा, नाहीतर सोमवारपासून शाळेत येऊ नका.

सर शांतपणे म्हणाले, "साहेब, सामना पुढच्या वर्षी परत येईल. हिचा हात येणार नाही."

आम्ही एका धावेने हरलो. शेवटच्या चेंडूवर मंजुळाची फेक थोडक्यात कमी पडली. परतताना एसटीत ती माझ्यापेक्षा जास्त रडली. सरांनी तिला खिडकीजवळ बसवले आणि सबंध वाटेत तिने घेतलेल्या झेलांबद्दल बोलत राहिले. सोमवारी सर शाळेत आले नाहीत. माझ्या मनात त्यांच्याविषयी राग होता, इतका की ते रस्त्यात दिसले तर मी दुसऱ्या बाजूने जाई.

माझे वडीलही चिडले होते. मुलीचे नाव झाले असते, ते या माणसाने घालवले, असे त्यांना वाटत होते. जाब विचारायला ते पाम गावी गेले. सर तिथे सासुरवाडीच्या शेजारी खोली घेऊन राहत. वडील बऱ्याच उशिरा परतले. आल्या आल्या त्यांनी हातपाय धुतले. मग मला जवळ बोलावून त्यांनी सांगितले ते मला आजही शब्दशः आठवते.

गिरणीकडून खेळताना एका मोठ्या सामन्याआधी सरांचा खांदा सुजला होता. व्यवस्थापकांनी डॉक्टर आणून इंजेक्शन दिले आणि उभे केले. सरही तरुण होते, नाही म्हणाले नाहीत. दुपारी सीमारेषेवरून फेक करताना खांद्यात काहीतरी तुटले. पुढचा पावसाळा सरायच्या आत गिरणीने त्यांना मोकळे केले.

"सुमे," वडील म्हणाले, "त्या माणसाला उजव्या हातानं सदऱ्याचं वरचं बटण लावता येत नाही. मी बसलो होतो तेव्हा त्यांच्या बायकोनं लावून दिलं. मी भांडायला गेलो होतो गं."

रविवारी मी वडिलांबरोबर पामला गेले. काय बोलायचे ते घोकून गेले होते, पण दारात पोहोचल्यावर मी फक्त दुखरा हात पुढे केला. सरांनी सामन्याचे नावही काढले नाही. कोपर पाहिला, थोडा वाकवला, आणि आणखी महिनाभर कळशी उचलायची नाही असे बजावले. सरांच्या पत्नी मालतीकाकूंनी तांदळाची भाकरी आणि कोलंबीचे सुके वाढले. निघताना सरांनी विचारले, "घिवलीला ओहोटी केव्हा आहे ते मंजुळाला विचारून ठेवशील का?"

शाळेतले काम सुटले तरी सरांनी आम्हाला सोडले नव्हते. कोणाकडूनही मानधन न घेता ते दर रविवारी किनाऱ्यावर येत राहिले. हे गावात पसरले. वर्ष सरता सरता माझे वडील, त्यांच्याबरोबरचे कामगार आणि घिवलीच्या बायका मिळून मुख्याध्यापकांकडे गेले. बोलायचे काम मंजुळाच्या आईने केले. "आमच्या पोरींना सर पायजेत. दुसरा कोनी नको," एवढेच त्या म्हणाल्या आणि उत्तर मिळेपर्यंत कचेरीच्या दारात बसून राहिल्या. सर परत आले, पण एक अट घालून: कोण खेळणार आणि कोण बसणार, हे फक्त प्रशिक्षक ठरवील. ती अट सर निवृत्त होईपर्यंत कोणी मोडली नाही.

पुढच्या वर्षी आम्ही जिंकलो. पण सरांची थोरवी सांगायला तो विजय पुरेसा नाही. त्याच हाताने मी पुढे विद्यापीठाकडून खेळले, मग बोईसरला शारीरिक शिक्षणाची शिक्षिका म्हणून आयुष्यभर नोकरी केली. माझ्या विद्यार्थिनींपैकी कोणी दुखणे लपवू लागली की मला ते तिच्या चेहऱ्यावरून कळते. मंजुळा तालुक्यातली पहिली महिला पंच झाली. बाकीच्या कुठे परिचारिका, कुठे दुकान सांभाळणाऱ्या, कुठे मच्छी विकणाऱ्या. आम्ही सगळ्या आता गुडघे धरून जिना चढतो. तरी सर समोर आले की कोणी न सांगता ओळ करून उभ्या राहतो, आणि सर ओळीच्या टोकापर्यंत प्रत्येकीची चौकशी करत जातात. एखादी आली नसेल तर ती का आली नाही, हे आधी सांगावे लागते.

गेल्या महिन्यात या गौरवग्रंथासाठी परवानगी मागायला आम्ही सरांकडे गेलो. सर म्हणाले, "माझ्याविषयी लिहा, पण हरलेला सामनाही लिहा. त्या दिवशी मुली चांगल्या खेळल्या होत्या." म्हणून मी तो लिहिला आहे.

सर, आम्ही त्या दिवशी खरंच चांगल्या खेळलो. आपल्याला आणि मालतीकाकूंना निरोगी, स्वस्थ, भरभरून आयुष्य मिळो. आपण शंभरी ओलांडावी आणि तोवर आम्हा म्हाताऱ्या मुलींना नावाने हाक मारत राहावी, हीच सगळ्या संघाच्या वतीने माझी प्रार्थना.