मोसंबीचा ताण आणि माझा धीर

भात शिजताना दहा वेळा झाकण उघडणारी बाई मी. अशा बाईच्या हाती मोसंबीच्या बागेचा मोबाईल द्यायलाच नको होता. पण नवरा नोकरीला जालन्यात, सासऱ्यांना बारीक अक्षरं दिसत नाहीत, म्हणून तो माझ्याकडे आला. बागेत ओलावा मोजणारं यंत्र बसवलं होतं. माती सुकली की मोबाईलवर लाल खूण येई आणि तिच्यावर बोट दाबलं की विहिरीवरची मोटार सुरू. उन्हाळाभर मला त्याचं भारी कौतुक वाटलं. पाणी वाचलं, चकरा वाचल्या.

मग हिवाळा आला. मोसंबीला तेव्हा ताण देतात, म्हणजे दीड-दोन महिने पाणी पूर्ण बंद. तहानेनं झाड पानं गाळतं आणि नंतर पाणी मिळालं की फुलांनी लगडतं. वर्षाचं पीक त्या फुलांवर. ताण कधी तोडायचा, पाणी पुन्हा कधी सोडायचं, हे सासऱ्यांना विचारायला निम्मं गाव आमच्या ओट्यावर यायचं. सासरे रोज ठिबकच्या नळीखालची माती उकरून मुठीत दाबायचे आणि म्हणायचे, "अजून न्हाई."

मोबाईल मात्र सारखा लाल. पोळ्या लाटताना लाल, धुणं वाळत घालताना लाल. 'पाणी द्या.' बाग पिवळी पडत चाललेली आणि माझ्या जिवाची नुसती घालमेल.

"मामा, झाडं मरतील हो."

"मरत न्हाईत. धीर धर, पोरी."

ते दोन दिवस वडीगोद्रीला पाहुण्यांकडे गेले आणि मी बोट दाबलं. तासभरच. दुसऱ्या दिवशी पुन्हा तासभर. कुणाला बोलले नाही.

पुढे बाग हिरवीगार झाली, पण मध्येच पाणी मिळाल्यानं नुसती कोवळी पालवी. फूल शोधावं लागे. शेजारच्या बागा फुलल्या, त्यांचा वास घरात यायचा आणि मी खिडक्या लावून घ्यायचे.

तेव्हाच गावातले चौघे यंत्राची चौकशी करायला आले. मी चहा घेऊन दारात पोचले, तर एकजण म्हणत होता, "तुमचा तर बहरच गेला. मंग खर्चा करून फायदा काय?"

आता माझं नाव निघणार, असं वाटून मी उंबऱ्यातच थांबले.

"मशीन बराबर हाये," सासरे म्हणाले. "माती वाळली की वाळली सांगतं. ती आपण कशापायी वाळवून राह्यलो, ते त्याला काय ठावं? पाणी म्या सोडलं. माझाच धीर सुटला."

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि चहा पिऊन ते उठले.

मी मोबाईल सासऱ्यांपुढे ठेवला आणि रडत रडत सगळं सांगितलं.

"नळीखाली ओल व्हती. आल्तो त्याच दिवशी दिसली."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर पाणी माघारी आलं असतं का?" त्यांनी मोबाईल माझ्याकडे सरकवला. "तुझ्याकडंच राहू दे. आता तुझ्यावाणी जपणारं दुसरं कोण भेटंल?"

या हिवाळ्यात तो पुन्हा लाल होतोय आणि मी हात आवरून बसते. आजूबाजूला ताण तुटायला लागलेत. सासरे सकाळपासून ओट्यावर बसलेले असतात. ताण कधी तोडायचा ते विचारायला अजून कुणी आलेलं नाही.