ज्याला कुणी खो देईना

ती केस आठवली की आजही बसल्या जागी माझे पाय चुळबुळ करायला लागतात. बायको म्हणते, "झाला का तुमचा खो-खो सुरू?" म्हणू दे. अख्ख्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण आयुक्तालयाच्या व्हरांड्यात आनंदानं उडी मारली ती एकदाच, आणि ती या केसमध्ये. नाव कुणाचंही घेणार नाही. त्यातली बरीच पोरं आता नोकरीधंद्याला लागली आहेत, त्यांना उगाच त्रास नको.

तेव्हा मी शहराच्या विशेष शाखेत पोलीस निरीक्षक होतो. पासपोर्टची पडताळणी, परदेशी पाहुण्यांच्या नोंदी, मोर्चा-सभांची आगाऊ खबर, असलं आमचं काम. गुन्हे शाखेवाले आम्हाला 'कागदवाले' म्हणून चिडवायचे. मी चिडायचोही, खोटं कशाला सांगू.

एके सकाळी औरंगपुऱ्यातला एक जुना ओळखीचा दुकानदार भेटायला आला. त्याचं खेळाच्या सामानाचं दुकान आहे, टी-शर्टांवर नावंही छापून देतो. खुर्चीत बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "साब, बात छोटी है, पर मेरेकू खटक रई."

"बोल की."

"खो-खोची टीम लंडनला चाललीय. कॉलेजची पोरं-पोरी, बारा जण. काल टी-शर्ट घ्यायला आली. अकरा जणांची नावं धडाधड लिहून झाली. बारावा बाजूला उभा होता. मी कॅप्टन पोरीला विचारलं, याच्या पाठीवर काय नाव टाकू? तर ती मॅनेजरच्या तोंडाकडं बघाया लागली. स्वतःच्या खेळाडूचं नाव कॅप्टनला माहीत नाय, असं कुठं असतंय का साहेब?"

मी कान टवकारले. आमच्या खात्यात याला कबुतरबाजी म्हणतात. खेळाडू, कलाकार अशा नावाखाली एखाद्याला टीममध्ये घुसवायचं, विमानात बसवायचं, आणि तिकडं उतरलं की कबुतर भुर्र! त्यासाठी मध्यस्थ चांगला मलिदा खातो. मागं राहतात ती खरी पोरं, आणि त्यांना परदेशी अधिकारी चोरासारखं उलटसुलट तपासतात. मी खबरीची नोंद घेतली आणि तडक उपायुक्त साहेबांकडं गेलो.

साहेब कडक शिस्तीचे. म्हणाले, "विमान परवा आहे ना? मग अख्खी टीम थांबवा. बाराही पासपोर्ट ताब्यात घ्या आणि गुन्हा नोंदवा."

नियमाला धरूनच बोलत होते. पण मला राहवलं नाही. "साहेब, सुक्याबरोबर ओलंही जळेल. अकरा जण खरे असतील तर त्यांचा काय गुन्हा? आणि नुसता संशय कळवून सोडून दिलं, तर मुंबईला नाहीतर लंडनला इमिग्रेशनच्या काउंटरवरून सगळ्यांनाच परत पाठवतील. पहिल्याच परदेशवारीत माघारी धाडल्याची नोंद लागली, की पुढं या पोरांना व्हिसा कोण देणार?"

साहेबांनी चष्मा काढला. "संध्याकाळपर्यंत वेळ देतो. पण मला तर्क नको, जबाब हवा."

पडताळणीचं निमित्त करून आम्ही टीमला बोलावलं. काय सांगू त्यांचा उत्साह! नवे कोरे ट्रॅकसूट घालून आली होती. आयुक्तालयाच्या पाटीसमोर फोटो काढून झाले. एक पोरगी दारावरच्या अंमलदाराला विचारत होती, "विमानात खिडकीची जागा आधी पळून धरायची असती का?" अंमलदार स्वतः कधी विमानात बसलेला नव्हता, तरी त्यानं ठोकून दिलं, "पळायचं तर तुम्हालाच येतंय की!" सगळी खो खो हसली.

कॅप्टन होती चितेगावची. एकोणीस वर्षांची, सडपातळ, डोळ्यांत चमक. वडील तिथल्याच एका कंपनीत कामाला. त्यांच्या अख्ख्या भावकीत पासपोर्ट निघालेली ही पहिलीच. मॅनेजर मात्र गुळगुळीत गृहस्थ. आल्याआल्या मला 'सर' न म्हणता 'भाईसाहेब' म्हणाला, तिथंच तो माझ्या मनातून उतरला.

मी आणि आमच्या महिला उपनिरीक्षक मॅडम, दोघांनी एकेकाला आत घेतलं. कशासाठी चाललात, कुठं राहणार, परत कधी, असे साधे प्रश्न. पण जो येईल तो एकच वाक्य म्हणू लागला, "आम्ही यजमान मंडळाच्या निमंत्रणावरून सांस्कृतिक देवाणघेवाणीसाठी जात आहोत." मॅनेजरनं सगळ्यांकडून पाठ करून घेतलं होतं. लंडनच्या काउंटरवर हेच बोला, इकडचं तिकडं काही बोलाल तर आत टाकतील, अशी भीतीही घातली होती. कॅप्टन तर वाक्याच्या मध्येच अडकली. पाढा चुकल्यावर पोरं करतात तशी पहिल्यापासून म्हणायला लागली, पुन्हा तिथंच अडकली. घामाघूम.

मी विचारलं, "बारावा गडी तुमचाच खेळाडू ना?"

"व्हय सर. आमचाच हाय." नजर मात्र फरशीवर.

तो बारावा आला आणि इस्त्री केल्यासारखी उत्तरं देऊन गेला. मराठीत विचारलं तर मराठीत, इंग्रजीत विचारलं तर इंग्रजीत. एकदाही अडखळला नाही.

मॅडम म्हणाल्या, "सर, गडबड असलीच तर त्या कॅप्टनमध्ये आहे. पोरगी केवढी घाबरली होती!"

"मॅडम, पोलिसांना बघून घाम खऱ्यालाच जास्त फुटतो," मी म्हणालो. पण नुसत्या म्हणण्यानं काय होतं? साहेबांना जबाब हवा होता आणि दुपार कलायला लागली होती.

वाट दाखवली ती मॅनेजरच्याच आगाऊपणानं. खुर्चीत रेलून म्हणाला, "भाईसाहेब, एवढा संशय असेल तर पोरं खेळून दाखवतील की."

"दाखवा," मी म्हणालो. "आत्ताच."

परेडच्या मैदानावर नवीन भरतीचे जवान सराव करत होते. त्यांना समोर उभं केलं, चुन्यानं रेषा आखल्या, दोन बांबू रोवले. बातमी वाऱ्यासारखी पसरली. कारकून, वायरलेसवाले, कॅन्टीनचा आचारी, सगळे कडेला गोळा झाले. आधी जवानांनी पाठलाग करायचा आणि टीमनं पळायचं. बाराव्यालाही मी मुद्दाम उतरवलं. तर काय? गडी वाऱ्यासारखा पळाला! आमचे जवान जिभा बाहेर काढून थकले, तो काही हाती लागेना. लोक टाळ्या पिटायला लागले. मॅनेजर माझ्याकडं बघून मिशीत हसला. माझं तोंड कडू झालं. म्हटलं, साप म्हणून भुई धोपटतोय की काय आपण?

मग डाव फिरला. आता टीमचे आठ जण रांगेत उकिडवे बसले, एकाचं तोंड इकडं, दुसऱ्याचं तिकडं. बारावा मधोमध. पाठलागाला कॅप्टन. शिट्टी वाजली आणि मघाची घाबरलेली पोरगी कुठल्या कुठं गेली! सपकन वळायची, बसलेल्याच्या पाठीवर थाप मारून "खो!" म्हणायची, तो बाण सुटल्यासारखा उठायचा. आमचे दोन जवान तर कळायच्या आत बाद झाले. आचारी ओरडत होता, "अगं पकड, पकड त्याला!" आणि मीही ओरडत होतो, हे मला नंतर मॅडमनी सांगितलं.

तेवढ्यात एक गोष्ट डोळ्यांत भरली. तिसरा जवान अगदी बाराव्याच्या पुढ्यात सापडला होता. कॅप्टन बाराव्याच्या पाठीशी होती. एक खो दिला की जवान बाद. पण तिनं दिला नाही. तशीच पुढं पळाली, दोन माणसं सोडून तिसऱ्याला खो दिला, तोवर जवान निसटला. सगळं मैदान हळहळलं. मला वाटलं, चुकली असेल. पण पुढच्या फेरीत तेच. मग दुसरी पोरगी पाठलागाला उठली, तिनंही तेच केलं. मग एका पोरानंही तेच! बारावा रांगेत बसलेला होता, पण त्यांच्या लेखी ती जागा रिकामीच होती. तोंडानं 'आमचाच' म्हणणाऱ्या पोरांचे पाय मात्र त्याला आपला मानायला तयार नव्हते. खेळाच्या धुंदीत ती खोटं बोलायचंच विसरून गेली होती!

मला असा आनंद झाला म्हणता, शिट्टी वाजवायचंही भान राहिलं नाही. कॅप्टनला बाजूला पाण्याच्या टाकीजवळ नेलं. मॅडम सोबत होत्या.

"बाळ, जवान हातात आला होता. त्याला खो का दिला नाहीस?"

पोरीच्या तोंडचं पाणी पळालं. धापा टाकत ट्रॅकसूटची बाही पिळायला लागली.

"खरं सांग. तुला काही होणार नाही."

"सर, खरं सांगितलं तर जाणं रद्द होईल ना?" ती म्हणाली. "मॅनेजर सर म्हणले, एक जरी बोललं तर सगळ्यांचं तिकीट फाडीन. माझ्या आईनं गल्लीभर सांगितलंय हो, पोरगी लंडनला चाललीय म्हणून."

मी थापा मारल्या नाहीत. म्हटलं, "रद्द होऊही शकतं. पण खोटं घेऊन गेलीस तर तिथल्या दारातून परत येशील, आणि तुझ्याबरोबर दहा जण येतील. ठरव तूच."

तिनं तोंडावर पाण्याचा हबका मारला. मग माझ्याकडं सरळ बघत म्हणाली, "त्याला खो दिला की मागं वळून बघतंय, सर. उठतंच नाय. आमच्यातलं नाय ते. आठ दिसांमागं आणून बसवलंय मॅनेजर सरांनी, नावबी धड सांगितलं नाय."

आला जबाब! पुढचं काम सोपं होतं. बाराव्याला समोर बसवलं आणि एवढंच म्हणालो, "पळतोस झकास. खो-खो कधी खेळलास?" सगळी इस्त्री मोडली. अजिंठ्याकडचा पोरगा, भरतीसाठी पळण्याचा सराव केलेला, दोनदा लेखी परीक्षेत राहिलेला. तिकडं एका हॉटेलात काम लावून देतो, असं मॅनेजरनं कबूल केलं होतं. ढसाढसा रडला. म्हणाला, "साहेब, बाहेर जायाला दुसरं दार कुणी दाखवलंच नाय." मला त्याचा राग आला नाही. त्याला आम्ही साक्षीदार केलं. मॅनेजरवर रीतसर गुन्हा नोंदवून अटक केली, आणि कोठडीच्या दारात मात्र त्यानं मला पहिल्यांदा 'सर' म्हटलं.

आता खरा पेच. मॅनेजर आत, मग टीमला नेणार कोण? उपायुक्त साहेबांनी लंडनच्या यजमान मंडळाला फोन लावून सगळं सांगितलं. ते म्हणाले, पाठवा, आम्ही विमानतळावर घ्यायला येतो. साहेब माझ्याकडं वळले, "पण प्रवासात जबाबदार कोण?"

मी कॅप्टनकडं बोट केलं.

"मी?" ती किंचाळलीच. "सर, मी तर पुण्यापल्याड गेलेली नाय!"

"मग आता जा," साहेब म्हणाले. पहिल्यांदाच हसताना पाहिलं त्यांना.

मी पडताळणीचं पत्र दिलं, खाली माझा नंबर लिहिला आणि बजावलं, "पाठ केलेलं सगळं विसरा. विचारतील तेवढंच बोला आणि खरं बोला."

मुंबईचं काउंटर सुखरूप पार पडलं, तसा तिचा निरोप आला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी आयुक्तालयात होतो. फोन वाजला, भला मोठा परदेशी नंबर. पलीकडं लंडन विमानतळावरच्या अधिकारी बाई. माझी पाचावर धारण बसली. एक तर इंग्रजी, त्यातून विलायतेचं!

त्या हळूहळू बोलल्या म्हणून समजलं. निमंत्रणावर मॅनेजरचं नाव होतं. त्यांनी कॅप्टनला विचारलं, मॅनेजर कुठं आहेत? मागून पोरं कुजबुजत होती, "सांग, मागच्या विमानानं येतायत." आणि आमच्या पठ्ठीनं सरळ सांगून टाकलं, "मॅनेजर जेल. पोलीस कॅच."

बाईंनी विचारलं, "हे खरं आहे का?"

"येस मॅडम," मी म्हणालो. "अटक मीच केली."

"हे तिनं का लपवलं नाही?"

माझं इंग्रजी जेवढं होतं तेवढं पणाला लावून सांगितलं, की या मुलीनं इथंही असंच खरं सांगितलं होतं, आपलं जाणं रद्द होईल हे माहीत असून. म्हणून तर तो माणूस आत आहे.

मग बाईंनी विचारलं, "म्हणजे आता या गटासाठी जबाबदार कोण?"

"तुमच्यासमोर उभी आहे ती," मी म्हणालो.

आणि फोनमधून आवाज आला, ठप्प! शिक्का! पाठोपाठ अकरा पोरांचा असा काही कल्ला झाला, की मी फोन कानापासून लांब धरला आणि व्हरांड्यातच उडी मारली. समोरून येणारा हवालदार सॅल्यूट करायलाच विसरला. मॅडम धावत आल्या, "सर, काय झालं?" "पोहोचली!" मी ओरडलो. "पोरगी आत गेली!"

वर्षानुवर्षं मी खोटं पकडायचं काम केलं, आणि त्यातच पोलिसाचं सगळं काम आलं अशी माझी समजूत होती. त्या पोरीनं दोनदा खरं सांगितलं, आणि दोन्ही वेळा तिला वाटत होतं की आता सगळं जाणार. खरं बोलणाऱ्याला असं एकटं पडू द्यायचं नसतं. त्याच्यामागं कुणीतरी उभं राहावं लागतं, आणि तेही पोलिसाचंच काम आहे.