जिन्यावरचे दोन खोकले

नाटक कंपनीत त्याला सगळे उजेड म्हणत. खरं नाव त्याच्या आईला आणि पोस्टमनलाच काय ते ठाऊक. उभा जन्म त्याने रंगमंचाच्या डाव्या विंगेत, एका उंच स्टुलावर बसून दिवे चढवण्यात आणि उतरवण्यात घालवला. तापलेल्या दिव्यांनी बोटांची टोकं अशी निबर झाली होती की चहाचा वाफाळता ग्लास तो सरळ मुठीत धरायचा. नटांना टाळ्या मिळतात, मला डास मिळतात, असं तोच हसून सांगायचा.

कंपनीतल्या झाडून सगळ्यांना त्याने एक युक्ती शिकवली होती. मंचावर काळोख होणार असेल, तर आधीच एक डोळा घट्ट मिटायचा. काळोख झाला की तोच उघडायचा. मिटलेला डोळा अंधाराला सरावलेला असतो, त्याला वाट दिसते. या एका युक्तीने किती नटांचे गुडघे वाचले असतील, देव जाणे.

म्हणून तर त्या संध्याकाळी, नव्याने उघडलेल्या त्या रेस्टॉरंटच्या दारात तीन म्हाताऱ्या माणसांनी एकदम एकेक डोळा मिटला आणि दारावरचा वेटर गडबडला. एक उजेड. दुसरी राणीसरकार, आयुष्यभर राणीच्या भूमिका केल्यामुळे घरीदारी तेच नाव चिकटलेली. आणि तिसरा कुजबुज, कंपनीचा प्रॉम्प्टर, नटांना विसरलेले संवाद विंगेतून दबक्या आवाजात सांगणारा.

“या वयाची बाई आपल्याला डोळा मारेल असं वाटलं नसेल बिचाऱ्याला,” राणीसरकार म्हणाल्या.

“तुमच्याकडे बघून नाही लाजला, सरकार. माझ्याकडे बघून लाजला,” कुजबुज म्हणाला.

हसत हसत दोघांनी डोळे उघडले आणि आत पाय टाकला. उजेडनेही आपला मिटलेला उजवा डोळा उघडला आणि सवयीने डावा मिटला.

काहीच दिसलं नाही. कोणीतरी काजळी धरलेलं फडकं समोर टांगावं, तसं. त्याने घाईने डावा डोळाही उघडला, तेव्हा टेबलांवरच्या मेणबत्त्या तेवढ्या दिसल्या.

तशी चाहूल कधीपासून लागली होती. दाराची चौकट उजव्या खांद्याला लागायची. चहा कपात पडायच्या ऐवजी बशीत पडायचा. “बाबा, डोळे दाखवून या ना एकदा,” सून म्हणायची, आणि तो “कप हलला गं” म्हणून वेळ मारून न्यायचा. डॉक्टरकडे तो मुद्दाम गेला नव्हता. कारण येत्या रविवारी, जुनं नाट्यगृह पुन्हा उघडायच्या निमित्ताने, कंपनीचं गाजलेलं नाटक एका रात्रीपुरतं उभं राहणार होतं. शेवटच्या अंकात राणी मिट्ट काळोखात उंच जिना उतरते आणि एकच दिवा तिच्या पावलापुढे सरकत जातो. तो दिवा उजेडच्या हातात. विंगेतून त्याचे दोन हलके खोकले आले की दिवा पायरीवर आला आहे असं समजायचं. त्याआधी राणीसरकारांचा पाय उठत नसे. डोळ्याचं कळलं, तर स्टुलावर दुसरा कोणी बसेल. आणि कळलंच नाही, तर? हा दुसरा विचार तो कधी पुरा करत नसे.

खुर्चीत बसताना त्याला एक आशा वाटली. हे हॉटेलच अंधारं असलं तर? आणि मग त्या आशेचीच भीती वाटली. जन्मभर उजेड मोजलेल्या माणसाला आज सांगता येत नव्हतं, काळोख खोलीत आहे की आपल्या डोळ्यात.

“अरे उजेड, दिवे कसे लावतात ते शिकव रे या लोकांना,” राणीसरकार म्हणाल्या. “मला माझा हात दिसत नाहीये.”

“खरंच? अजिबात नाही?”

“एवढा आनंद कसला झाला तुला?”

सूप आलं ते गार, आणि इतकं कमी की चमचा बुडेना. पाव असा कडक की कुजबुजने तो टेबलावर आपटून पाहिला. मग मोठ्या थाटात, पांढऱ्या थाळीच्या मधोमध, एक लहानसा मासा आला.

कुजबुजने घास घेतला आणि थाळीवर वाकून जुन्या सवयीने दबक्या आवाजात म्हणाला, “मीठ... मीठ...”

“काय करतोयस?”

“संवाद विसरलाय हो तो. आठवण करून देतोय.”

राणीसरकारांना हसता हसता ठसका लागला. उजेडही हसला. जरा सैलावला. तेवढ्यात कुजबुजने मेनूकार्ड मेणबत्तीजवळ धरलं आणि खालची बारीक अक्षरं घडाघडा वाचली, “‘आमच्या आचाऱ्याच्या बालपणीच्या आठवणींतून साकारलेले पदार्थ.’ अरेरे! फारच अळणी बालपण गेलं बिचाऱ्याचं.”

“तुला वाचता येतंय?” उजेडने विचारलं.

“न यायला काय झालं? डोळे सरावले की.”

“हो, आता दिसतंय सगळं,” राणीसरकार म्हणाल्या.

उजेडने भुवई खाजवल्यासारखं करून डावा डोळा झाकला आणि कुजबुजकडे पाहिलं. कॉलर दिसली. दोन कान दिसले. मधे चेहरा नव्हता. कुजबुज परत हसला आणि ते हसू, तोंड नसलेल्या त्या करड्या डागातून आलं. टेबलाखाली उजेडने खुर्चीची कड घट्ट धरली.

“जेवत का नाहीस रे?” राणीसरकारांनी विचारलं.

“अळणी आहे,” तो म्हणाला. वाईट स्वयंपाकाने त्याची लाज राखली.

रेस्टॉरंट वरच्या मजल्यावर होतं. निघताना राणीसरकार जिन्याच्या तोंडाशी पुढे होत्या. खाली गडद गालिचा आणि भिंतीला नावापुरते दिवे. त्या थबकल्या.

“उजेड, खोक.”

कुजबुज हसला. त्या हसत नव्हत्या.

“मस्करी नाही. गुडघा नवा आहे माझा आणि पायरीची कड काही कळत नाही. तू बघ, आणि खोक. मग मी पाय टाकते.”

उजेडने पाहिलं. पायऱ्या नव्हत्याच; एक काळी उतरण होती. पण ते शब्द ऐकून, इतक्या वर्षांच्या सवयीने, गळा आपणहून तयार झाला. खोकला ओठांशी आला. पुढे राणीसरकारांची टाच उचलली गेली होती.

“थांबा!”

जन्मभर विंगेत दबक्या आवाजात जगलेला उजेड इतका मोठ्याने ओरडला की आतले चमचे थांबले.

“पाय टाकू नका, सरकार. मला दिसत नाहीये. उजवा डोळा गेलाय. डाव्यानेही अंधारात जेमतेम दिसतं.”

राणीसरकारांनी मागे वळून पाहिलं नाही. कठडा धरला आणि सावकाश वरच्या पायरीवर बसल्या.

“मॅडम, इथे बसता येणार नाही,” वेटर धावत आला.

“मग दिवे लावा. असतील नसतील ते सगळे. तोवर मी उठत नाही.”

दिवे लागले. भिंतीवरची ओल दिसली, टेबलक्लॉथची ठिगळं दिसली, आणि डोळे मिचकावणाऱ्या गिऱ्हाइकांना आपापल्या ताटात काय आहे ते दिसलं. उजेडने त्या लखलखाटात पुन्हा डावा डोळा झाकला.

“अजून तसंच?” राणीसरकारांनी विचारलं.

“तसंच.”

“कोणाला सांगितलंस?”

“कोणालाच नाही. स्टूल जाईल म्हणून.”

“आणि मी पडले असते म्हणजे?”

उजेडने मान खाली घातली.

“सकाळी डॉक्टरकडे जायचं. मी येणार आहे बरोबर, सुनेलाही सांग.”

“डॉक्टर काय म्हणेल, सरकार?”

“मला काय माहीत?” त्या म्हणाल्या. “रविवारी दिव्यावर तू नाहीस. तो दुसरा कोणीतरी धरेल.” मग उठता उठता म्हणाल्या, “पण शेजारी तू बस. दिवा जागेवर आला की त्याने तुला हात लावायचा, आणि तू खोकायचं. परक्या खोकल्यावर पाय उठायचा नाही माझा.”

त्या कठडा धरून उतरू लागल्या. उजेड वरच उभा राहिला. इतके दिवे लागूनही पुढचं पाऊल टाकायची त्याची छाती होईना. कोणी न सांगता कुजबुज त्याच्या उजव्या बाजूला आला. हात धरला नाही, फक्त कानाशी वाकला, आणि भरल्या नाट्यगृहात एकाच नटाला ऐकू जावा अशा त्या जुन्या आवाजात म्हणाला,

“पायरी.”

उजेडने पाय टाकला. पायाखाली पायरी होती.

“पायरी,” कुजबुज म्हणाला.